तीनच कॉम्प्युटर अन् रिकाम्या खोक्यांचा ढीग! प्रदर्शनात बुकिंग करण्याआधी ॲपलची ही गोष्ट वाचा

कृषी प्रदर्शनात फवारणीचा ड्रोन उडताना पाहिला, की हात खिशाकडे जातो. 'आज बुकिंग केलं तर सूट' असं ऐकल्यावर तर अनेकजण जागेवरच इसार देऊन मोकळे होतात. पण स्टॉलवर दिसतो तेवढा माल कंपनीकडे तयार असतोच असं नाही. आज आयफोन विकणाऱ्या ॲपल कंपनीनेही सुरुवातीला असाच देखावा केला होता.

नेमकं काय घडलं होतं?

एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात 'वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर' हे प्रदर्शन भरलं. ॲपल तेव्हा जेमतेम वर्षभराची कंपनी होती. स्टीव्ह जॉब्ज यांनी आधीच पैसे भरून प्रवेशद्वाराजवळची मोक्याची जागा धरली. इतर काही कंपन्यांनी साधी टेबलं मांडली, पुठ्ठ्याचे बोर्ड लावले. ॲपलच्या स्टॉलवर मात्र काळं मखमली कापड आणि मागून उजेड सोडलेलं कंपनीचं चिन्ह होतं.

'ॲपल टू' या नव्या कॉम्प्युटरचे तेव्हा फक्त तीन नग तयार होते. माल भरपूर आहे असं वाटावं म्हणून बाजूला रिकामी खोकी रचून ठेवली. कॉम्प्युटरच्या प्लास्टिकच्या पेट्यांवर बारीक डाग निघाले, तेव्हा जॉब्ज यांनी कामगारांकडून त्या घासून चकाचक करून घेतल्या.

कंपनीला काय मिळालं?

या प्रदर्शनातून सुमारे ३०० कॉम्प्युटरच्या ऑर्डर मिळाल्या. जपानमधला पहिला विक्रेताही इथेच भेटला. कंपन्या स्टॉलवर एवढा खर्च करतात तो यासाठीच. ऑर्डर मिळते, डीलर मिळतो आणि शेजारच्या स्टॉलवर स्पर्धक काय विकतोय तेही कळतं.

मग ही फसवणूक होती का?

खोकी हा देखावाच होता. पण मांडलेले तीन कॉम्प्युटर खरोखर चालत होते आणि जूनपासून माल ग्राहकांकडे जायला लागला. प्रत्येक कंपनी असा शब्द पाळेलच, याची खात्री स्टॉलच्या झगमगाटावरून होत नाही. ती आपणच करून घ्यायची.

इसार देण्याआधी हे विचारा

• यंत्र विक्रीला तयार आहे की नुसता नमुना आहे? स्वतःच्या हाताने चालवून पाहा.

• माल कधी मिळणार? ती तारीख पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

• दिलेल्या तारखेला माल आला नाही तर इसार परत मिळणार का? हेही लेखी घ्या.

• सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या तालुक्यात होते का, की प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईला जावं लागेल?

• हे यंत्र आधी कोणी घेतलंय? अशा दोन शेतकऱ्यांशी फोनवर बोला. जमलं तर त्यांच्या बांधावर जाऊन पाहा.

अनुदानाचं काय?

'अनुदान मिळवून देतो' असं विक्रेता म्हणाला तरी घाई करू नका. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतरच यंत्र घ्यायचं असतं. आधी खरेदी केली तर अनुदान हातचं जाऊ शकतं. त्यामुळे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा, मगच पैसे द्या.