विमानभाड्यावरील अधिभार
मुंबईहून दिल्लीस निघालेला प्रवासी जाहिरातीतला अल्प दर पाहून हरखतो खरा. परंतु रक्कम अदा करतेवेळी मूळ भाड्याखाली जी कलमे एकामागून एक उभी राहतात, ती सारीच सरकारी खजिन्यात जमा होतात हा सार्वत्रिक समज यथार्थ नव्हे. साध्या वर्गाच्या भाड्यावरील 5 टक्के वस्तू व सेवा कर हा शासनाचा महसूल होय. वापरकर्ता विकास शुल्क विमानतळाच्या चालकाकडे जाते, आणि मोठ्या विमानतळांपुरता त्याचा दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. तर 2021 पासून देशांतर्गत प्रवासास 200 रुपये असलेले सुरक्षा शुल्क बंदोबस्ताच्या खर्चासाठी असते. इंधन अधिभार मात्र, कराच्या पंक्तीस बसला तरी, निखळ कंपनीचीच आमदानी. आणि ‘सुविधा शुल्क’ कोणाच्या सुविधेचे, हे विचारू नये!

ही वर्गवारी जाणण्यात व्यावहारिक लाभ आहे. प्रवास रद्द झाला, किंबहुना प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही, तरी वैधानिक कर व विकास शुल्क परत करणे, मूळ भाडे परत न मिळणाऱ्या प्रकारातले असले तरीही, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमान्वये कंपनीवर बंधनकारक आहे. आणि रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त घेता येत नाही.