दम नेमका कुठे अडतो?

मराठीत 'दम' फार कामाचा शब्द आहे. आपण दम खातो, दम धरतो, वेळ आली तर दुसऱ्याला दमही देतो. दम्यात मात्र तो अडतो, आणि अडतो तो श्वासनलिकांच्या भिंतीत. साहित्याची विद्यार्थिनी यात कुठे शिरली म्हणाल, पण वाचायला लागले आणि थांबवेना.

लहान-लहान श्वासनलिकांभोवती अनैच्छिक स्नायूंचा वेढा असतो. तो आवळला की नळी अरुंद होते. त्रिज्या निम्मी झाली, की सरळ संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा 16 पट होतो! धूर, थंड हवा, मिस्साच्या वेळचा धूप यांनी इतरांना फार तर ठसका लागतो; दम्यात तेवढ्यानेही हा वेढा करकचून आवळू शकतो.

आवळतो कसा? मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलीन सुटतं, मास्ट पेशींतून हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन. ही रसायनं स्नायूपेशीच्या दारावरच्या रिसेप्टरवर बसतात. निरोप आत जातो, पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी एका एन्झाइमला जागं करते, ते मायोसिनवर फॉस्फेट चढवतं, आणि मायोसिन ॲक्टिनचे धागे ओढू लागतं.

इथपर्यंत सगळं निरोगी माणसातही घडतं. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. चढवलेलं फॉस्फेट उतरवणारं दुसरं एन्झाइम असतं, म्हणून स्नायू सैल पडतो. रो-कायनेज त्यालाच अडवून धरतं. सुजलेल्या श्वासनलिकेत इंटरल्यूकिन-13 हा निरोप्या सापडतो, आणि प्रयोगांत त्याने स्नायूपेशींतलं रो-ए, म्हणजे रो-कायनेजला चालना देणारं प्रथिन, वाढवलेलं दिसलं आहे. थोडक्यात, सूज स्नायूला चिडकं करून ठेवते.

माझा भाऊ म्हणतो, "ताई, निळ्या पंपाने पाच मिनिटांत मोकळं वाटतं, मग दुसरा कशाला?" वाटतंच. त्यातलं साल्ब्युटामॉल पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतं, कॅल्शियम उतरतं, स्नायू सुटतो. पण सूज जागच्या जागी राहते. ती उतरवतं श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड, तेही रोज घेऊन, हळूहळू. म्हणूनच 2019 पासून 'जिना' ही दम्याविषयीची जागतिक संस्था मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगते. भावाचा दुसरा पंप कपाटात सीलबंद पडला होता. आता तो आमच्या टूथब्रशच्या मगात असतो.