लेखनाची भाषा आणि लेखनाची संधी : मुक्तिबोध बंधूंच्या निमित्ताने

जयपूरच्या शास्त्री नगरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या, घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी बोलणाऱ्या एखाद्या तरुणाला लेखक व्हावेसे वाटले, तर कथा लिहावी की कविता हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न नसतो. कोणत्या भाषेत लिहावे, हा असतो. लेखनकलेवरील मार्गदर्शनपर ग्रंथांनी या प्रश्नाची दखल सहसा घेतलेली नाही. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथापासून मराठीत लेखनतंत्राची जी चर्चा झाली, तिने भाषा, वाचक आणि नियतकालिक या तिन्ही गोष्टी गृहीत धरल्या. पुण्या-मुंबईच्या नवलेखकाच्या बाबतीत ते गृहीतक खपून जाते. मराठी भाषक प्रदेशाच्या बाहेर मात्र ते टिकत नाही. लेखनकौशल्याचा विकास आणि लेखनाची संधी या दोन बाबी तेथे परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, किंबहुना संधीच पुष्कळदा लेखनाची भाषा ठरवते.

जयपूरपुरते बोलायचे तर या गोष्टीचा दाखला नगराच्या स्थापनेच्या काळातच सापडतो. सवाई जयसिंगाच्या पदरी असलेले सम्राट जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रातील, असे परंपरा सांगते. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीवरून ‘रेखागणित’ आणि ‘सिद्धान्तसम्राट’ या नावांनी संस्कृतात आणला. त्यांची घरची भाषा कोणतीही असो, आश्रय संस्कृत ग्रंथाला होता आणि ग्रंथ संस्कृतात झाला. अर्थात, शास्त्रग्रंथाची भाषा आणि ललित लेखनाची भाषा यांची सरमिसळ करणे योग्य नव्हे. तेव्हा प्रश्नाचा खरा कस विसाव्या शतकातील एका मराठी कुटुंबात पाहिला पाहिजे.

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंब माळव्यात फिरत राहिले. घर मराठी, परिसर हिंदीचा. थोरला भाऊ आधुनिक हिंदी कवितेचा एक प्रमुख प्रवर्तक झाला. धाकट्याने ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) हे काव्यसंग्रह व ‘क्षिप्रा’ (१९५४) ही कादंबरी मराठीत लिहिली. दोघांचीही वैचारिक बैठक मार्क्सवादी. तौलनिक अभ्यासाला इतकी अनुकूल सामग्री क्वचितच मिळते, कारण घर, वर्ग, प्रदेश आणि विचारसरणी समान असताना भाषा तेवढी बदललेली आहे.

थोरल्या भावाची घडण कशी झाली, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. माखनलाल चतुर्वेदी खांडव्याहून ‘कर्मवीर’ चालवीत असत; मुक्तिबोधांच्या आरंभीच्या कविता तेथे आल्या. पुढे शुजालपूरच्या शाळेत अध्यापन करीत असताना नेमिचंद्र जैन यांचा सहवास लाभला. माळव्यातील या मित्रमंडळाच्या चर्चांतून ज्या संकलनाची कल्पना पुढे आली, ते अज्ञेयांनी संपादित केलेले ‘तार सप्तक’ १९४३ साली प्रसिद्ध झाले. हिंदी कवितेला वळण देणाऱ्या या संग्रहातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरातले होते, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात जितकी नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही. माचवे यांनी मराठीशीही नाते राखले. मुक्तिबोधांनी मात्र हिंदी हीच आपली लेखनभाषा मानली. खांडव्याचे संपादक, शुजालपूरचा मित्र आणि एक सहकारी संकलन यांपैकी एकही गोष्ट महाविद्यालयीन शिक्षणातून आलेली नव्हती, आणि तिन्ही हिंदीत उपलब्ध होत्या.

तथापि, संधीने भाषा ठरते हे विधान यांत्रिक अर्थाने घेतल्यास धाकट्या भावाचे उदाहरण त्याच्या आड येते. त्याच परिसरात वाढलेल्या शरच्चंद्रांनी मराठी का निवडली? याचे उत्तर एका कारणात मिळणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे होळकरांचे इंदूर हे मराठी लेखन-वाचनाचे जुने केंद्र होते. मराठी साहित्य संमेलन तेथे १९१७ साली भरले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोघेही भाऊ पुढे नागपुरात आले. नागपूर त्या काळी मध्य प्रांताची आणि १९५० नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांची वृत्तपत्रे, आकाशवाणी केंद्र, महाविद्यालये एकाच शहरात होती. गजानन माधव ‘नया खून’ या हिंदी साप्ताहिकात लिहीत, आकाशवाणीत काम करीत. शरच्चंद्र मराठीचे अध्यापन करीत. एकाच शहरात दोन भावांना दोन भाषांत लेखक म्हणून जगता आले, ते शहर द्विभाषिक होते म्हणून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात आले, आणि १९५८ साली थोरले मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गेले. या स्थलांतरामागे उपजीविकेची विवंचना होतीच. परंतु नागपूरमधील हिंदी लेखकाच्या पायाखालची जमीन भाषावार पुनर्रचनेने सरकवली, हेही नाकारता येत नाही.

कौशल्याचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. लेखन ‘शिकले’ जाते का, या प्रश्नाचे भारतीय भाषांतील सर्वांत सखोल उत्तर मुक्तिबोधांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’त आहे, असे म्हणता येईल. जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकात हरिशंकर परसाई यांनी तिला जागा दिली. ग्रंथरूपाने ती १९६४ मध्ये आली. निर्मितीचे तीन क्षण मुक्तिबोध तीत मानतात. अनुभवाच्या उत्कटतेचा पहिला. तो अनुभव स्वतःच्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे कल्पचित्र म्हणून उभा राहण्याचा दुसरा. आणि त्या चित्राला शब्दरूप मिळण्याच्या प्रक्रियेचा तिसरा. हा तिसरा क्षण कृती पूर्ण होईपर्यंत चालतो आणि त्यात मूळ चित्रही बदलत जाते. कारण शब्द ही लेखकाची खासगी मालमत्ता नसते; भाषेत साठलेले समाजाचे अर्थ त्याच्या अनुभवाला आव्हान देतात. पुनर्लेखनाला शैलीच्या सफाईचे काम समजणाऱ्या नवलेखकाने हा विचार मुळातून वाचावा. मुक्तिबोध स्वतः दीर्घ कविता वर्षानुवर्षे नव्याने लिहीत राहिले. ‘अँधेरे में’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात प्रसिद्ध झाली ती त्यांच्या निधनानंतर, १९६४ च्या अखेरीस. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र संग्रहही त्याच वर्षी आला. तो पाहण्यास कवी नव्हता.

तिसरा क्षण एकट्याने निभावता येत नाही, याची जाण मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही आढळते. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी नवलेखकाला वर्षातून एक हक्काचा हंगाम मिळाला. पण खरी शाळा होती संपादकाचे टेबल. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी सविस्तर पत्रे हा मराठी कथेच्या घडणीचाच एक भाग आहे. ‘साभार परत’ हा शेरा नवलेखकाला नकोसा वाटे. परंतु ज्या परत आलेल्या कथेबरोबर कारणमीमांसा येई, ती कथा दुसऱ्यांदा लिहिली जाई. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले, त्या वेळी एका वाङ्मयीन अभिरुचीबरोबरच खर्डा वाचून परत पाठवणारी एक यंत्रणाही संपली. तिची जागा भरून निघाली असे म्हणवत नाही.

ही यंत्रणा सर्वांसाठी सारखी खुली होती, असेही नाही. लघुनियतकालिकांनी तिच्यावर घेतलेले आक्षेप सर्वज्ञात आहेत. दलित लेखकाच्या अनुभवाची आणि बोलीची पारख करणारा वाचकच प्रस्थापित संपादनात नव्हता, म्हणून गंगाधर पानतावणे यांना औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ चालवावे लागले. त्याला जोडून लेखक-वाचक मेळावे भरवावे लागले. जातीने बाहेर ठेवलेला लेखक आणि भूगोलाने बाहेर राहिलेला लेखक यांची तुलना फार ताणू नये. एका बाबतीत मात्र ती उपयुक्त ठरते : पहिल्याने स्वतःचे व्यासपीठ उभारले, दुसरा बहुधा शेजारच्या भाषेत निघून गेला. सातारचे काका कालेलकर गुजराती गद्याचे शैलीकार झाले, मराठी बोलणाऱ्या घरातले द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढून हिंदी गद्याची सेवा केली. मराठीने हे लेखक गमावले असा शोक करण्याची प्रथा आहे. त्यात तथ्य थोडे आणि अभिमान जास्त आहे. त्यांना खर्डा वाचणारे सोबती तिकडे मिळाले, ही साधी गोष्ट त्या शोकात हरवते.

बंगालीत संपादन आणि अध्यापन यांची सांगड एका व्यक्तीत पडली होती. बुद्धदेव बसू यांनी १९३५ पासून ‘कविता’ हे नियतकालिक चालवले, आणि १९५६ साली जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला तोही त्यांनीच. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ पासून लेखनाचे अध्यापन पदवीच्या चौकटीत बसवले. तेथील १९६७ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात दिलीप चित्रे १९७५ मध्ये सहभागी झाले होते. पण चित्रे घडले होते ते त्याआधी, ‘शब्द’ या मोजक्या मित्रांच्या अनियतकालिकातून.

आजच्या नवलेखकापुढील संधी संख्येने कमी नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान देते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो. केंद्र शासनाने २०२१ साली तीस वर्षांखालील लेखकांसाठी सुरू केलेल्या युवा योजनेत मार्गदर्शक आणि सहा महिन्यांची शिष्यवृत्ती, दोन्हींची तरतूद होती. जयपूरमध्ये तर २००६ पासून साहित्योत्सव भरतो. परंतु अनुदान, पुरस्कार आणि उत्सव या तिन्ही गोष्टी तयार हस्तलिखिताच्या किंवा छापलेल्या पुस्तकाच्या पुढच्या आहेत. हस्तलिखित तयार होत असताना त्यावर खुणा करणारा माणूस त्यांतून क्वचितच मिळतो. मार्गदर्शकाची तरतूद हा अपवाद, आणि तोही सहा महिन्यांपुरता.

शास्त्री नगरच्या तरुणाकडे एक भांडवल मात्र पुण्याच्या समवयस्कापेक्षा अधिक आहे. दोन भाषांतील वाक्यरचना त्याच्या कानात एकाच वेळी वाजत असतात. अनुवाद ही त्याची स्वाभाविक उमेदवारी होऊ शकते. हिंदी कवी चंद्रकांत देवताले यांनी दिलीप चित्रे यांच्या कविता हिंदीत नेल्या. सप्रे यांनी टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला. अनुवादकाला दुसऱ्याच्या वाक्याचा तिसरा क्षण आतून पाहावा लागतो, आणि शब्दाची निवड का अडते ते रोजच्या रोज कळते. ते शिक्षण घेतल्यावर त्याने मराठीत लिहावे की हिंदीत, याचा निर्णय बाहेरच्याने करू नये.

शरच्चंद्रांना ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर वर्षभरात, १९८० मध्ये, थोरल्या भावाची ‘रचनावली’ सहा खंडांत प्रसिद्ध झाली. तिचे संपादक होते शुजालपूरच्या शाळेतले तेच सहकारी, नेमिचंद्र जैन. दोघांमधील पत्रव्यवहारही पुढे पुस्तकरूपाने छापला गेला.