नवी संस्था काढताना : आधी काम, मग माणसं, मग पाटी



आपल्याकडे चांगल्या कामाची सुरुवात बहुधा उत्साहानं होते. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होतो, कुणीतरी म्हणतं, "आपण गावात एक अभ्यासिका काढू या." टाळ्या पडतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, वर्गणी जमते, पाटी लागते, उद्‌घाटन होतं. पुढच्या जूनपर्यंत मात्र अनेक ठिकाणी त्या खोलीला कुलूप दिसतं. पुस्तकं कुणाच्या घरी आहेत, उरलेले पैसे कुणाकडे आहेत, किल्ली कुणाकडे आहे, हे कुणालाच धड सांगता येत नाही.

यात नुकसान कुणाचं होतं? दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या आवाजात दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीचं. तिच्यासाठी ती खोली म्हणजे रोजचे चार शांत तास होते. एकदा बंद पडलेल्या कामासाठी गाव दुसऱ्यांदा वर्गणीही सहजासहजी देत नाही. म्हणून संस्था काढण्याआधी नियोजन कसं करावं, रचना कशी असावी आणि माणसं कशी नेमावीत, हे आज गावातल्या अभ्यासिकेचंच उदाहरण घेऊन पाहू या.

१) नवी संस्था खरंच हवी का?

पहिला प्रश्न हाच विचारायचा. गावात वाचनालय, युवक मंडळ, गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट यांपैकी काही ना काही असतंच. शाळेत शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. संध्याकाळी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवण्यानं भागत असेल, तर समितीत ठराव करून काम सुरू होऊ शकतं. त्यासाठी वेगळी नोंदणी, वेगळं बँक खातं, वेगळं ऑडिट यांची गरज नाही.

नवी संस्था केव्हा काढावी? काम शाळेच्या आवाराबाहेरचं असेल, अनेक वर्षं चालणार असेल, लोकांकडून नियमित पैसे घ्यावे लागणार असतील आणि कुणाला मानधन द्यावं लागणार असेल, तेव्हा.

२) उद्देश एका वाक्यात लिहा

"समाजाचा सर्वांगीण विकास" हा उद्देश कागदावर छान दिसतो, पण त्यावरून सोमवारी संध्याकाळी काय करायचं हे कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : "आठवी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत बसून अभ्यास करण्यासाठी शांत, सुरक्षित, उजेडाची जागा आणि क्रमिक पुस्तकं उपलब्ध करून देणे."

या वाक्यात कुणासाठी, केव्हा, काय हे सगळं आलं. उद्या कुणी म्हणालं, "संस्थेच्या पैशातून क्रिकेटचे सामने भरवू," तर हे वाक्य वाचून दाखवता येतं. नोंदणीच्या कागदात उद्देश थोडे व्यापक ठेवावे लागतात, कारण नंतर ते बदलणं सोपं नसतं. विशेष सभा घेऊन तीन-पंचमांश मतं मिळवावी लागतात आणि महिन्यानंतर दुसरी सभा घेऊन तोच ठराव पुन्हा पक्का करावा लागतो. पण आपल्या पहिल्या दोन वर्षांच्या कामाचं वाक्य मात्र नेमकंच हवं.

३) आपण कुणाच्या वतीनं बोलतो?

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', तिचे प्रमुख संस्थापक. या सभेचा एक नियम आजही शिकण्यासारखा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्यानं किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे सभासद आपल्या एकट्याच्या नव्हे, तर पन्नास जणांच्या वतीनं बसलेला असे. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. पण समितीतल्या प्रत्येकानं पाच घरी जाऊन विचारायला काय हरकत आहे? "मुलाला पाठवाल का? किती वाजता सोयीचं? मुलगी रात्री ९ ला घरी कशी येईल? महिना ५० रुपये जमतील का?" सात जणांनी पाच-पाच घरं केली तर ३५ घरांची उत्तरं हातात येतात. कदाचित असंही कळेल की मुलींसाठी ९ ऐवजी साडेसातची वेळ हवी. हे उद्‌घाटनानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

४) कामाचे तास मोजा, मग माणसं शोधा

इथे बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो. आधी अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार अशी पदं वाटली जातात आणि रोज कुलूप उघडायला कुणीच नसतं. म्हणून वहीत साधं गणित मांडा.

* रोज ४ तास, आठवड्यातले ६ दिवस : आठवड्याला २४ तास.
* एक स्वयंसेवक आठवड्याला फार तर ४ तास देऊ शकतो असं धरलं, तर २४ तासांना ६ माणसं लागतात.
* आजारपण, लग्नसराई, पेरणी-काढणी, परीक्षा यांसाठी २ माणसं राखीव. झाली ८.

शिवाय एका वेळी दोन मोठी माणसं हजर हवीत असं ठरवलं (आणि लहान मुलामुलींच्या ठिकाणी ते ठरवावंच), तर ४८ तास भरायचे आहेत. म्हणजे १२ माणसं आणि त्यावर राखीव. एवढे स्वयंसेवक कायम मिळणं अवघड. मग रोज हजर राहणारी एक मानधनावरची व्यक्ती आणि तिच्या जोडीला पाळीपाळीनं येणारे ६ ते ८ स्वयंसेवक, अशी मांडणी जमते.

स्वयंसेवकाला "जमेल तेव्हा या" असं सांगू नका. "दर मंगळवारी ५ ते ९" असं सांगा. ठरलेला वार असला की माणूस घरच्यांनाही तसं सांगून ठेवतो.

५) पदं कमी, जबाबदाऱ्या स्पष्ट

सुरुवातीला तीन पदं पुरतात.

*अध्यक्ष* : सभा चालवणं, वाद मिटवणं, गावाशी आणि ग्रामपंचायतीशी बोलणं.

*सचिव* : सभेची सूचना काढणं, इतिवृत्त लिहिणं, नोंदणीचे कागद सांभाळणं. हे सगळ्यात चिकाटीचं काम आहे. भाषण करणारा नव्हे, लिहून ठेवणारा माणूस इथे हवा.

*खजिनदार* : पावती दिल्याशिवाय पैसा न घेणं, व्हाउचरशिवाय न देणं, दर महिन्याला हिशेब फलकावर लावणं.

खातं संस्थेच्या नावावरच हवं. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीनं पैसे निघतील असं ठेवा. खजिनदार आणि दुसरा सही करणारा एकाच घरातले नसावेत. यात अविश्वास नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर हीच पद्धत खजिनदाराचं रक्षण करते.

समितीत किमान दोन-तीन आया हव्यातच. मुलींच्या अडचणी त्यांच्याकडे येतात. तक्रार कुणाकडे करायची, त्या बाईंचं नाव अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

आणखी एक. नोकरीत असलेल्या शिक्षकांनी पदाधिकारी होण्याआधी आपले सेवानियम पाहावेत आणि गरज असेल तिथे लेखी परवानगी घ्यावी. पद न घेताही सल्ला देता येतो.

६) मानधन आणि एक जुना धडा

"समाजकार्याला कसले पैसे?" हा प्रश्न हमखास येतो. पण रोज चार तास बसणाऱ्या माणसाला काहीच न देता वर्षानुवर्षं बसवणं हे नियोजन नाही, ती आशा झाली. द्यायचं ते कमी असेल, पण ठरलेलं आणि वेळेवर असावं.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं उदाहरण पाहा. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८४ मध्ये सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. आजीव सभासदांनी वीस वर्षं सेवा करायची आणि ७५ रुपये वेतनावर समाधान मानायचं, अशी रचना होती. त्यागाची तयारी असलेली, मोठ्या योग्यतेची माणसं होती ती. तरीही आजीव सभासदांनी संस्थेबाहेर कमाई करावी का, वेतन वाढवावं का, यांवरून मतभेद होत गेले, आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. टिळक-आगरकर म्हटलं की आपल्याला सामाजिक सुधारणांचा वाद आठवतो. पण संस्थेच्या आतलं भांडण पैसा, वेळ आणि निष्ठा यांच्या नियमांचंही होतं.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्येच गेले, टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, आगरकर १८९५ मध्ये गेले. तरी संस्था चालूच राहिली, आजही चालू आहे. कारण संस्थापक गेल्यावरही काम पुढे नेतील अशी सभासदांची व्यवस्था तिच्यापाशी होती.

आपल्यासाठी धडा असा : पैसा, वेळ आणि बाहेरची कामं यांबद्दलचे अवघड प्रश्न मैत्री चांगली असतानाच विचारून, उत्तरं लिहून ठेवावीत. भांडण सुरू झाल्यावर केलेला नियम कुणाला तरी आपल्याविरुद्ध केलेला वाटतो.

७) पैशाचं गणित

समजा, महिन्याचा खर्च असा आहे : मानधन ४,०००, वीज ८००, वर्तमानपत्रं-मासिकं ६००, स्वच्छता व किरकोळ ६००. एकूण ६,००० रुपये. वर्षाचे ७२,०००.

४० मुलांकडून महिना ५० रुपये घेतले तर २,००० येतात. उरलेल्या ४,००० साठी महिना १०० रुपये देणारे ४० वर्गणीदार हवेत. त्यांतले निम्मे सहा महिन्यांनी थांबले तर? दरमहा २,००० कमी पडतील. म्हणून दार उघडण्याआधी तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे १८,००० रुपये, शिल्लक असावा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे तुम्ही घाला. पण मोठ्या देणगीवर रोजचा खर्च टाकू नका. देणगी कपाट-पुस्तकांसाठी, वर्गणी चालू खर्चासाठी.

८) नोंदणी थोडक्यात

महाराष्ट्रात अशा कामासाठी साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणी होते. किमान ७ सभासद लागतात. संस्थेचं नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं-पत्ते-व्यवसाय असलेलं विधानपत्र आणि सोबत नियमावली द्यावी लागते. त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. त्यानंतर पॅनकार्ड आणि बँक खातं.

नोंदणी मिळाली म्हणजे संपलं असं नाही. दर वर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून ते तपासून घ्यावे लागतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. हा अर्ज राहून गेला की सरकारदरबारी वर्षानुवर्षं जुनीच नावं राहतात आणि पुढे वाद कोर्टकचेरीपर्यंत जातात. नोंदणीआधी सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणेशोत्सव मंडळं घेतात तशीच.

९) नियमावलीत ही उत्तरं हवीतच

छापील नमुना उतरवून काढण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरं लिहा :

१. पदाची मुदत किती? सलग किती वेळा तोच माणूस निवडून येऊ शकतो?
२. सभेची सूचना किती दिवस आधी? गणपूर्ती किती?
३. सलग तीन सभांना न आलेल्या सदस्याचं काय करायचं?
४. किती रकमेपर्यंत खजिनदार स्वतः खर्च करू शकतो?
५. समिती सदस्याच्या नातेवाइकाला मानधनावर नेमता येईल का?
६. किल्ल्या किती आणि कुणाकडे?
७. संस्था बंद झाली तर पुस्तकं-कपाटं कुणाला? (१८६० च्या कायद्यानुसार शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाही, दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. ती कोणत्या प्रकारची असावी, हे आधीच ठरवता येतं.)

पाचवा आणि सातवा प्रश्न काढला की खोलीत थोडी शांतता पसरते. पसरू द्या. घाईनं पुढे जाऊ नका.

१०) पहिले सहा महिने

पहिले दोन महिने घरोघरी विचारणं आणि जागा पक्की करणं. तिसऱ्या महिन्यात स्थापनेची सभा आणि नियमावली. चौथ्या महिन्यात नोंदणीचा अर्ज आणि वर्गणीदारांची यादी. पाचव्या महिन्यात आठवड्यातून तीनच दिवस अभ्यासिका उघडून पाहणं. त्यात कोण वेळेवर येतं, दिवे पुरतात का, मुली किती येतात हे दिसेल. सहाव्या महिन्यात वेळापत्रक दुरुस्त करून सहा दिवस.

आणि उद्‌घाटन? ते सातव्या महिन्यात करा. पाहुण्यांना रिकाम्या खुर्च्या दाखवण्यापेक्षा अभ्यास करणारी मुलं दाखवता येतील.

शाळेत नववी-दहावीच्या मुलांना हा पाठ कृतीतूनही देता येईल. वर्गाची 'पुस्तक पेढी समिती' नेमा, मुलांनाच नियम लिहू द्या, इतिवृत्त लिहू द्या, पन्नास रुपयांचा का होईना हिशेब फलकावर मांडू द्या. उद्या गावात संस्था चालवणारी माणसं याच वर्गातून यायची आहेत.