सीमावृक्षांचें वयोमान

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमानिर्णयाच्या प्रकरणीं न्यग्रोध, अश्वत्थ, किंशुक, शाल्मली इत्यादि वृक्ष सीमेवर लावावे असें सांगितलें आहे. आपल्याकडील महजर व निवाडपत्रें यांतही चतुःसीमा लिहितांना वड, चिंच, आंबा यांचा निर्देश वारंवार येतो. असा कागद हातीं आला आणि त्या जागीं आजही वड उभा दिसला, म्हणजे हाच तो वड व म्हणून कागदही अस्सल, असा मोह संशोधकास होतो. या मोहास आम्हीही एकदां बळी पडलों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

एका गांवच्या शिवेवरील वडाचा घेर मोजून आम्हीं त्याचें वय तीनशें वर्षें ठरविलें, आणि तेवढ्या बळावर एका स्नेह्यांच्या संग्रहांतील महजरास अस्सलपणाची ग्वाही दिली. पुढें तेंच खोड सावकाशीनें पाहतां, तें एक खोड नसून अनेक पारंब्या एकजीव होऊन बनलेला स्तंभ आहे, असें ध्यानांत आलें. घेर खरा होता. वय मात्र आमच्या कल्पनेंतलें होतें. यानें महजर खोटा ठरला नाहीं, पण आमची ग्वाही परत घ्यावी लागली. ज्यांच्या संग्रहीं असे कागद आहेत त्यांजवर हा प्रसंग येऊं नये, म्हणून वृक्षाचें वय ठरविण्याचे मार्ग व त्यांच्या मर्यादा येथें मांडतों.

पहिला मार्ग वलयांचा. वर्षांतून एकदां ज्याची वाढ थांबते त्या झाडाच्या लांकडांत दरसाल एक वलय उमटतें. पोकळ गिरमिटानें पेन्सिलीएवढी कांडी काढून, झाड न तोडतां, तीं मोजतां येतात. आपल्याकडील वृक्षांपैकीं साग या कामीं उत्तम. कारण कोरड्या ऋतूंत त्याची पानगळ होते व वलयें स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं केरळांतील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलयमाला २०१० सालीं प्रसिद्ध केली. परंतु वड, पिंपळ, आंबा, चिंच यांचीं वलयें अशीं भरंवशाचीं नसतात, आणि जुन्या खोडाचा गाभा तर बहुधा पोकळच असतो. म्हणजे सीमावृक्षांस हा मार्ग क्वचितच लागू पडतो.

दुसरा मार्ग घेराचा. जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजावा, व त्याच जातीच्या, तशाच जमिनींतील, ज्याचें लागवडीचें वर्ष ठाऊक आहे अशा झाडाशीं तो ताडून पाहावा. समजा, शंभर वर्षांच्या चिंचेचा घेर आठ फूट आहे, व आपल्या चिंचेचा सोळा फूट. घेर दरसाल सारखाच वाढतो असें धरलें तर वय दोनशें वर्षें येतें. पण नवें लांकूड दरसाल सारख्याच प्रमाणांत सांचतें असें धरलें, तर खोडाच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपट असल्यामुळें वय चारशें येतें. एकाच मापांतून दोन शतकांचें अंतर निघतें! शिवाय मोकळ्यावरचें झाड दाटींतल्या झाडाहून लौकर जाड होतें. बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ म्हटलें आहे, तें येथें स्मरावें.

तिसरा मार्ग किरणोत्सर्गी कर्बाचा. पुरातन वस्तूंस तो फार उपयोगी. पण सुमारें १६५० ते १९५० या काळांत वातावरणांतील त्या कर्बाचें प्रमाण असें खालींवर झालें आहे कीं, एकाच मापनास अनेक कालखंड जुळतात. आपले बहुतेक मराठी कागद नेमके याच काळांतले, हें आपलें दुर्दैव.

याहून मोठा प्रश्न ‘तोच वृक्ष’ म्हणजे काय, हा. न्यग्रोध म्हणजे खालीं वाढणारा. कलकत्त्याजवळील शिबपूरच्या वनस्पति-उद्यानांतील महावटाचें मूळ खोड १८६४ व १८६७ च्या वादळांनंतर कुजलें व १९२५ सालीं काढून टाकण्यांत आलें. वृक्ष पारंब्यांवर जिवंत आहे. त्याचें आदिखोड मोजावयास उरलेंच नाहीं. उलट बोधगयेचा जुना पिंपळ १८७६ च्या वादळांत पडला, व १८८१ सालीं कनिंगहॅम यांनीं तेथें नवें रोप लावलें. तेथें स्थान प्राचीन, वृक्ष अर्वाचीन.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंती एवढीच. वृक्षाची जात, जागा, घेर व मोजण्याची उंची टिपावी. खोड एक कीं अनेक, हें पाहावें. वय एका आंकड्यांत न सांगतां ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असें सांगावें. आणि देवाच्या झाडास गिरमिट लावण्यापूर्वीं गांवकऱ्यांची संमति घ्यावी. कागदाची परीक्षा त्याचा कागद, शाई, अक्षर, मोर्तब व मिति यांवरूनच व्हावी. वृक्ष फार तर त्या साक्षीस दुजोरा देईल. मुख्य साक्षीदार म्हणून त्यास उभा करूं नये.