मांडणीवरचे स्टील आणि कोपऱ्यातला फ्रीज

बँकेच्या नोकरीत तारण मालाची तपासणी करणे हा माझ्या कामाचा एक भाग होता. भांड्यांच्या व्यापाऱ्याचे गोदाम तपासायला गेलो की मन निश्चिंत असे. कापडाची फॅशन जाते, औषधाची मुदत संपते, धान्याला कीड लागते. स्टीलच्या ताटांची चळत मात्र दोन वर्षांनी मोजली तरी तितकीच भरते आणि वजनावर विकली जाते. याउलट कोणी फ्रीज किंवा टीव्ही मालमत्ता म्हणून दाखवला, की आम्ही अधिकारी मंडळी मनातल्या मनात त्याची किंमत निम्मी करूनच पुढे बोलत असू. इतके असूनही हा हिशेब मी माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी मांडला नव्हता. तो मांडायला लावला आमच्याकडे पोळ्या करण्यासाठी येणाऱ्या मावशींनी.

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. घर आवरायला काढले होते. नवा फ्रीज घ्यायचा, असे चिरंजीवांनी जाहीर केले होते, आणि जुना चालू स्थितीतला फ्रीज मावशींना द्यावा, असे सौभाग्यवतींनी मनाशी ठरवले होते. आपण काही मोठे दान करीत आहोत, असा भाव आम्हा दोघांच्याही चेहऱ्यावर असावा. मावशी हात पुसत म्हणाल्या, ‘‘ताई, राग मानू नका, पण फ्रीज नको. आमच्या खोलीला मालकाचा सबमीटर आहे. हा महिन्याला किती युनिट खातो, ते काकांना विचारा आधी.’’

काका एम.कॉम. आहेत, चौतीस वर्षे बँकेत होते, आणि काकांना ते माहीत नव्हते.

त्या दिवशी फ्रीजबरोबर मांडणीही खाली उतरली होती, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो. सर्वांत तळाशी निघाला आईचा पिठाचा डबा. त्याच्या काठावर बारीक ठिपक्यांनी तिचे नाव, त्याखाली बार्शी आणि १९६८. भांड्यावर नाव घालण्याची ती पद्धत आता फक्त लग्नाच्या आहेरात उरली आहे. डबा एके ठिकाणी चेपला आहे, पण आत अजूनही पीठच आहे. आईच्या पिढीने पितळ सोडून स्टील धरले, त्यामागे मिरवण्याची हौस होतीच. परंतु खरे कारण कल्हई हे होते. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी राहिली की ती कळकत असे, आणि कल्हईवाला दारावर येईपर्यंत गृहिणीने खोळंबून राहावे लागे. स्टीलने तो खोळंबा संपवला. जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलची वाटी देणाऱ्या बोहारणीशी अर्धा अर्धा तास चाललेली घासाघीस ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या धातूने घराघरांत प्रवेश कसा केला हे वेगळे सांगायला नको.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली बंदुकीच्या नळीची झीज कमी करण्याच्या प्रयत्नात क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले, आणि ते गंजत नाही हे ध्यानात येताच त्याच्या सुऱ्या झाल्या. पोलादात सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले, की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. घासताना तो खरवडला गेला, तरी हवा लागताच पुन्हा भरून येतो. स्टीलचा टिकाऊपणा तो हाच. त्यात आठ टक्क्यांच्या आसपास निकेल मिसळले की ३०४ क्रमांकाचे, बाजारात ‘अठरा-आठ’ म्हणून ओळखले जाणारे स्टील होते.

निकेल हा शब्द आला की आपल्या व्यापारी वाचकांचे कान टवकारतील. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळला आणि बाजाराला व्यवहारच थांबवावे लागले. इतका लहरी आणि महाग धातू कमी वापरावा, म्हणून निकेलच्या जागी बऱ्याच अंशी मँगेनीज घालून २०० मालिकेचे स्टील बनवले जाते, आणि त्याच्या उत्पादनात भारत आघाडीच्या देशांपैकी आहे. आपल्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यांवर चालला आहे. त्यांना यातले बारकावे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. ग्राहक मात्र अजून चुंबक घेऊन दुकानात येतो. चिकटला तर खोटे, न चिकटला तर अस्सल, असा त्याचा समज. वास्तविक २०२ क्रमांकाचे स्वस्त स्टीलही चुंबकाला सहसा दाद देत नाही, आणि ४३० क्रमांकाचे, निकेल नसलेले परंतु गंजाला बऱ्यापैकी तोंड देणारे स्टील चुंबकाला घट्ट धरते. इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला तर चुंबक चिकटलाच पाहिजे. तेव्हा खिशातला चुंबक घरी ठेवावा आणि बिलावर स्टीलचा क्रमांक लिहून मागावा. २०२४च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने भांड्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे, तेही पाहावे.

या धातूचे दोन शत्रू आपणच घरात पाळतो. एक मीठ. थंड पाण्यात मीठ टाकून पातेले तसेच ठेवले, की खड्याखाली बुडाला बारीक टोचे पडतात, ते मग कशानेही जात नाहीत. पाण्याला उकळी आल्यावर मीठ घालावे, एवढाच उपाय. दुसरा शत्रू लोखंडी तारेची घासणी. तिचे कण भांड्यात रुतून बसतात आणि गंजतात, आणि आपण भांड्याला नावे ठेवतो.

आईचा डबा पुसून जागेवर गेला. नंतर निघाली ती स्टीलचीच, पण यंत्रांची मंडळी. मिक्सरची तीन भांडी लखलखीत, मोटर मात्र दोनदा जळालेली. गॅसच्या शेगडीचा पत्रा शाबूत, बटणे निकामी. पाण्याच्या फिल्टरची स्टीलची टाकी उत्तम, आतील मेणबत्ती केव्हाच मिळेनाशी झालेली. स्टील पाहून आपण यंत्र विकत घेतो आणि त्याचे आयुष्यही स्टीलएवढेच गृहीत धरतो. माझीही फ्रीजच्या बाबतीत तीच चूक झाली होती.

आमचा फ्रीज १९९६ सालचा. बँकेच्या कर्मचारी कर्जातून घेतलेला, एका दाराचा, १६५ लिटरचा, किंमत दहा हजारांच्या आतबाहेर. १९५८ साली गोदरेजने भारतात घरगुती फ्रीज बनवण्यास आरंभ केला, तरी आमच्यासारख्या घरांत तो यायला पुढे बरीच वर्षे लागली. वडिलांनी बार्शीच्या आडतीत प्रथम फ्रीज आणला, तेव्हा आजीने सरळ विचारले होते, की रात्रीचे उरलेले अन्न आपण दुसऱ्या दिवशी खात नाही, मग हे कपाट कशासाठी? वडिलांनी उत्तर दिले होते, की येणाऱ्या शेतकऱ्याला गार पाणी देण्यासाठी. आजीच्या प्रश्नात तथ्य आहे, असे मला आज वाटते. ज्या घरात शिळे ठेवायचे नाही, त्या घराला दूध, भाजी, फळे आणि एखादे औषध एवढ्यापुरता लहान फ्रीज पुरतो. तरीही लग्नाच्या यादीत चारशे लिटरचा दुहेरी दाराचा फ्रीज लिहिला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तर मावशींचा प्रश्न. त्या रात्री दहा वाजता घरातील सर्व दिवे, पंखे, राऊटरसुद्धा बंद केला, फक्त फ्रीज चालू ठेवला आणि मीटरचा आकडा लिहून घेतला. सौभाग्यवतींनी उकाड्यात या प्रयोगाला दिलेले नाव येथे छापण्याजोगे नाही. सकाळी सहाला आकडा पुन्हा पाहिला. आठ तासांत ०.७ युनिट, म्हणजे दिवसाला किमान २.१. दिवसा दार उघडझाप होते, त्यामुळे खरा खप याहून अधिकच. वर्षाचे झाले साडेसातशेच्या वर. दुकानात पाहिलेल्या १८०-१९० लिटरच्या तीन तारांकित नव्या फ्रीजवरील पट्टीत वार्षिक खप छापला होता १७० युनिट. फरक सुमारे ६०० युनिटांचा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे विजेचा दर टप्प्यांनी चढतो. खप कमी होतो तो सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून. म्हणून बचत सरासरी दराने मोजू नये, वरच्या दराने मोजावी. माझ्या बिलात सर्व आकार धरून तो बारा रुपयांच्या आसपास पडतो. वर्षाला ७,२०० रुपये. नव्या फ्रीजची किंमत साडेसतरा हजार. अडीच वर्षांच्या आत वसूल. आयकराच्या आजच्या नियमाप्रमाणे घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा लावला, तर माझ्या दहा हजारांच्या फ्रीजची अठ्ठावीस वर्षांनंतरची पुस्तकी किंमत सुमारे १०६ रुपये येते. एकशे सहा रुपयांच्या वस्तूवर मी दरवर्षी सात हजार अधिकचे खर्च करीत होतो आणि ‘अजून चालतो आहे’ म्हणून पाहुण्यांना सांगत होतो.

मावशींचा हिशेब याहून कठीण. त्यांचा मालक युनिटला दहा रुपये घेतो. महिन्याला चौसष्ट युनिट, म्हणजे ६४० रुपये. आम्ही त्यांना फ्रीज देत नव्हतो, आमचे बिल देत होतो.

सगळे जुने फ्रीज असे मोडीत काढावेत, असे मात्र मी म्हणत नाही. दाराचे रबर कडक झाले असेल, तर थंडावा तेथून निसटतो. दारात कागद धरून दार लावावे; कागद अलगद निघून आला, तर रबर बदलावे, खर्च थोडा आहे. मागील जाळीवरची धूळ झाडावी, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, बर्फाचा जाड थर साचू देऊ नये. दहा-बारा वर्षांचा फ्रीज एवढ्याने सुधारतो. आमच्या फ्रीजमध्ये हे सर्व केले. आठ दिवसांनी रात्रीचा आकडा ०.७ वरून ०.६ झाला, यापलीकडे नाही.

आणखी एक. नवा घेताना दुकानदाराने ‘स्टील बॉडी’ म्हणून करडा, चमकता दरवाजा दाखवला. तो बहुधा रंगाचा किंवा वरून आवरण दिलेला साधा पत्रा असतो. त्यात वाईट काही नाही, आपल्या जुन्या फ्रीजचा पांढरा पत्राही रंगवलेलाच होता; परंतु त्यासाठी स्टेनलेसची किंमत मोजू नये. आम्ही साधा घेतला.

जुन्याचे काय करावे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बदलीत दिला तर दुकानदार तो दुरुस्त करून पुन्हा विकणार, आणि मावशींसारख्याच कोणाच्या तरी खोलीत तो पुन्हा ६४० रुपये खाणार. भंगारवाल्याला दिला तर तो कॉम्प्रेसरची तांब्याची नळी कापणार. त्या काळच्या फ्रीजमध्ये आर-१२ हा वायू असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराने तो जगभर हद्दपार झाला आणि भारतात २००३ पासून नव्या फ्रीजमध्ये त्याचा वापर थांबला. पण जुन्या यंत्रांच्या पोटात तो अजून आहे. हवा तापवण्यात त्याचे शंभर ग्रॅम हे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. नळी कापली, की एका फुस्कारीत सगळा बाहेर. ई-कचरा नियमांनुसार फ्रीज परत घेऊन नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. चौकशी केली, तीन फोन करावे लागले, पण माणसे आली आणि पावती देऊन घेऊन गेली. पैसे भंगारवाल्याने देऊ केले होते त्याच्या निम्मे मिळाले.

फ्रीज उचलताना त्यांतील एका तरुणाने पहिली गोष्ट केली ती अशी, की दाराला दोरी बांधली. कारण विचारले, तर म्हणाला, ‘‘वाटेत थांबलो की पोरं आत बसून बघतात, साहेब.’’ ते ऐकून मी जागच्या जागी थबकलो. बार्शीच्या गोदामात वडिलांचा तो पहिला फ्रीज अजून उभा आहे. बंद पडून तीस वर्षे झाली. त्यात जुन्या वह्या असतात. त्याला खटक्याची मूठ आहे. ते दार बाहेरूनच उघडते, आतून ढकलून उघडत नाही, आणि आत हवा येत नाही. अशाच फ्रीजमध्ये मुले गुदमरून गेल्यामुळे अमेरिकेत १९५६ साली आतून उघडता येणारे दार सक्तीचे करणारा कायदा झाला होता. हे मी वाचलेले होते, पण आमच्या गोदामाशी त्याचा संबंध जोडला नव्हता. दिवाळीला त्याच गोदामात घरातील सात मुले लपंडाव खेळणार होती.

धाकट्या भावाला त्याच मिनिटाला फोन लावला. तो आधी हसला, मग गप्प झाला. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. फ्रीजचे दार बिजागऱ्यांसकट निघून भिंतीला टेकलेले आणि उघड्या कप्प्यांत वडिलांच्या लाल वह्या ओळीने उभ्या.