धातुशोधक : गोड्या पाण्याकाठी आणि खाऱ्या

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात नेमकी कोठे अडकली आहे, हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. तेव्हा टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र तयार केले. धातू जवळ आला की त्यातून आवाज येई. आधीच्या चाचण्यांत यंत्राने चोख काम केले. रुग्णाच्या खाटेशी मात्र सारा घोळ झाला. गादीत पोलादी तारा होत्या आणि डॉक्टरांनी शोध शरीराच्या उजव्या बाजूलाच घेऊ दिला. गोळी निघाली डावीकडे! १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले.

यंत्र धातू ओळखत होते, पण गोळीभोवतीचा परिसरही ‘बोलत’ होता. समुद्रकिनाऱ्यावर हरवलेली अंगठी शोधणाऱ्यापुढे नेमकी हीच अडचण असते. धरणाच्या काठावर उत्तम चाललेला धातुशोधक समुद्राच्या ओल्या वाळूवर सारखा किरकिरू लागतो. असे का होते?

वेटोळे काय करते?

धातुशोधकाच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. फॅरडेच्या नियमानुसार हे क्षेत्र जवळच्या वाहक वस्तूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण करते. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ते टिपले की यंत्र आवाज करते. म्हणजे यंत्र ‘धातू’ ओळखत नाही, तर ‘वाहक’ ओळखते.

आता समुद्राचे पाणी पाहा. त्याच्या एका किलोग्रॅममध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांचे आयन वीज वाहून नेतात. नदी-तलावाच्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाहक असते. तांब्याच्या तुलनेत ही वाहकता नगण्य खरी. पण अंगठी असते बोटाएवढी आणि ओली वाळू पसरलेली असते वेटोळ्याखाली सर्वदूर. त्यामुळे वाळूचेच उत्तर मोठे होते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध, एक एलईडी आणि पेन्सिलीच्या शिशाच्या दोन कांड्या एकसरीत जोडा. कांड्या नळाच्या पाण्यात बुडवल्या तर दिवा मिणमिणेल किंवा लागणारही नाही. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून पाहा, तो लख्ख पेटेल. (मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन वायू निघतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि प्रयोग लवकर आटोपा.)

मग कोणते यंत्र घ्यावे?

तलावाकाठी किंवा कोरड्या वाळूवर एकाच वारंवारतेवर चालणारे साधे यंत्र पुरते. ते तुलनेने स्वस्त असते आणि लोखंडी खिळा व नाणे यांतला फरक बऱ्यापैकी सांगते.

समुद्राच्या ओल्या वाळूवर हे यंत्र ‘संतुलित’ करून, म्हणजे मिठाचे उत्तर वजा करून, वापरता येते. पण मिठाचे उत्तर आणि सोन्याच्या पातळ साखळीचे उत्तर बरेच सारखे असते. मीठ गप्प केले की साखळीही गप्प होते! शिवाय रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असते तशी इल्मेनाइटची काळी वाळू असेल, तर चुंबकीय खनिजांचे उत्तर आणखी निराळे येते. एकाच वारंवारतेवर दोन्ही उत्तरे एकाच वेळी वजा करता येत नाहीत. अशा ठिकाणी अनेक वारंवारता एकदम वापरणारे यंत्र घ्यावे. वारंवारता बदलली की मीठ, खनिज आणि धातू यांची उत्तरे वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात. त्यांची तुलना करून यंत्र निवाडा करते.

तिसरा प्रकार स्पंदांवर चालणाऱ्या यंत्रांचा. हे यंत्र प्रवाहाचा एक झटका देते, थांबते आणि मग ऐकते. खाऱ्या पाण्यातले भोवरे काही मायक्रोसेकंदांतच विरतात; नाण्यातले त्याहून बराच वेळ टिकतात. थोडे उशिरा ऐकले की समुद्र गप्प झालेला असतो. पाण्यात उतरून शोधायचे असेल किंवा काळी वाळू असेल, तर हा प्रकार चांगला. मात्र तो लोखंड आणि सोने यांत फारसा भेद करत नाही, म्हणून प्रत्येक गंजका खिळाही उकरावा लागतो. अगदी पातळ दागिन्यातले भोवरेही लवकर विरतात, तेव्हा तो निसटू शकतो.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक यंत्रांचे वेटोळे जलरोधक असते, पण वरची पेटी नसते. समुद्रावरून परतल्यावर जलरोधक भाग गोड्या पाण्याने धुवावा. आणि सापडलेली वस्तू आपलीच, असे समजू नये. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

सर्वांत चांगला धातुशोधक कोणता, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. आधी वाळू पाहावी, मग यंत्र. बेल यांच्या यंत्रालाही खाट बदलून एक संधी द्यायला हवी होती. विद्यार्थ्यांना विचारून पाहा : खाट लाकडी असती, तरी गोळी सापडली असती का?